थंड पाण्यातली विलंबित लय

किस्से जमवायला फार काही लागत नाही. तीन मित्र, एक जुनी होडी आणि न मिळणारा मासा एवढं पुरतं. मासा मिळत असता तर आम्ही माशाबद्दल बोललो असतो. तो मिळेना, म्हणून एकमेकांबद्दल बोलत राहिलो. हळूहळू अशी वेळ आली की मिनेसोटातल्या आमच्या ईडन प्रेरी गावात कुणाच्याही घरी जेवायला गेलं तरी आमचेच किस्से आम्हाला ऐकवले जायचे.

तीन मित्र म्हणजे मी, प्रसाद आणि सतीश. तिघंही एकाच कंपनीत, सॉफ्टवेअरमध्ये. मी नागपूरचा, माशाशी माझी ओळख फक्त ताटातली. प्रसाद पुण्याचा, शुद्ध शाकाहारी, इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत तबला वाजवणारा. सतीश मालवणचा, सडाफटिंग. २००२ च्या उन्हाळ्यात त्याने ऑफिसमधल्या एकाकडून जुनी अ‍ॅल्युमिनियमची होडी विकत घेतली आणि मस्की हे नाव आमच्या आयुष्यात आलं.

मस्की हा लांबलचक, दातेरी आणि भयंकर भाव खाणारा मासा. मिनेसोटातली तळी गोठायच्या आधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तो सगळ्यात मोठा मिळतो. लुअर म्हणजे खोटा मासा पाण्यात फेकायचा आणि रीळ फिरवत परत ओढून आणायचा. उन्हाळ्यात लहान, चकचकीत पात्याचं लुअर भरभर ओढायचं. पाणी गार झालं की मासा सुस्तावतो, मग मोठं रबरी लुअर घ्यायचं आणि अगदी सावकाश ओढायचं. हे सगळं आम्हाला सतीशनेच शिकवलं.

*

रविवारी पहाटे तळ्यावर जायचं आणि परत येऊन सतीशकडे पोहे खायचे, असा आमचा नेम होता. त्याच वेळी तो मालवणला वडिलांना, म्हणजे आप्पांना, फोन लावायचा. कॉलिंग कार्डावरचा लांबलचक नंबर दाबायचा आणि फोन स्पीकरवर टाकून कांदा चिरायला घ्यायचा.

आप्पांचं एकच म्हणणं असायचं, परत कधी येणार? पहिल्याच वर्षी सतीश वैतागून म्हणाला, "आप्पा, एक मोठो मस्की गावलो की कायमचो येतलंय." आम्ही हसलो. तोही हसला. आप्पा मात्र हसले नाहीत.

पुढच्या रविवारपासून त्यांनी परत कधी येणार हे विचारणंच सोडलं. फोन उचलला की पहिलं वाक्य माशाचं, "गावलो काय?"

"अजून नाय, आप्पा."

"बरा, बरा." मग हवापाणी, नारळ, शेजाऱ्यांची भांडणं. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला माशाचं काय हे वेड!

*

हा मासा पकडून सोडून द्यायची पद्धत आहे, हे सतीशने एकदा आप्पांना समजावून सांगितलं. जाळीत घ्यायचा, चिमट्याने गळ काढायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात. खायचा नाही. शाकाहारी प्रसाद या खेळात उतरला तो याच एका अटीवर.

आप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मगे धरतास कित्याक?"

आम्ही तिघंही इंजिनिअर. मग धरायचा कशाला, हे सांगायचं सोडून तिघांनीही पोह्यांत डोकं घातलं.

*

सावकाश म्हणजे नेमकं किती सावकाश, हा पहिल्या थंडीतला मोठा वाद होता. सतीश म्हणायचा, तुला वाटतं त्याच्या निम्म्याने. प्रसादला हे फारच मोघम वाटायचं. शेवटी त्याने स्वतःची पद्धत काढली. उन्हाळ्यात द्रुत, सप्टेंबरात मध्य लय आणि पाणी हाताला चावायला लागलं की विलंबित. होडीत बसून तो तोंडाने एकतालाचे बोल म्हणायचा आणि त्यावर रीळ फिरवायचा. पद्धत खरोखर चांगली होती. मीही ती उचलली.

अडचण एवढीच की प्रसादची लय वाढते. मंडळात हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याची बायको मेधा गाते, आणि दर गणपतीत तिचं गाणं ठरल्यापेक्षा लवकर संपतं. होडीतही तेच. सुरुवात विलंबित आणि लुअर होडीशी येईपर्यंत थेट सतारीवरचा झाला!

आम्ही हे मेधाला सांगितलं तेव्हा ती चहा गाळत होती. वर न बघता म्हणाली, "मासा तरी पळून जाऊ शकतो. मी कुठे जाऊ?"

*

रबरी लुअर थंडीत कडक होतं. कडक झालं की त्याची शेपटी हलत नाही. म्हणून निघायच्या आधी प्रसाद ते कोमट पाण्यात ठेवायचा, तेही स्वयंपाकघरात, स्टीलच्या पातेल्यात, वर झाकण ठेवून. लुअर माझं होतं, कोपरापर्यंत लांब, नारिंगी पोटाचं आणि काळ्या पाठीचं. गळ मात्र तो काढून ठेवायचा.

एका कोजागिरीला मेधाकडे बरीच मंडळी जमली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे जायचं म्हणून प्रसादने आदल्या संध्याकाळीच पातेलं भरून ठेवलं. पुण्याहून लेकीकडे आलेल्या एक काकू मसाला दूध गरम करायला आत गेल्या आणि त्यांनी नेमकं त्याच पातेल्याचं झाकण उचललं.

काकूंनी आरडाओरडा केला नाही. झाकण परत ठेवलं, बाहेर येऊन मेधाशेजारी बसल्या आणि तिच्या हातावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "परदेशात राहायचं म्हणजे थोडंफार चालायचंच. पण निदान साफ तरी करून घ्यायचा गं."

*

मासा आमच्याकडे कधी आलाच नाही असं नाही. तिसऱ्या वर्षी माझ्या लुअरच्या मागे एक आला होता. मस्की असाच येतो, घाई न करता लुअरच्या मागेमागे थेट होडीपर्यंत. अशा वेळी थांबायचं नसतं. रॉडचं टोक पाण्यात घालून लुअर गोल गोल फिरवत राहायचं, म्हणजे तो शेवटच्या क्षणी झडप घालतो.

मी तो पाण्यात बघितला आणि माझा हात थांबला. इतका मोठा मासा माझ्याकडे बघतोय म्हटल्यावर मीही त्याच्याकडे बघत बसलो. लुअर तळाला गेलं. मासाही गेला. पाहुणा दारापर्यंत यावा आणि आपण त्याला आत या म्हणायला विसरावं, तसं झालं.

सतीशने फक्त एवढंच विचारलं, "ओळख निघाली काय?"

*

आता सतीशची एक गंमत. आम्हाला सावकाश, सावकाश म्हणून ओरडणारा हा माणूस स्वतः मात्र नोव्हेंबरातही ते उन्हाळ्याचं लहान चकचकीत लुअर लावायचा आणि भरभर ओढायचा. पाणी बर्फासारखं, मासे खाली पेंगत पडलेले आणि याचं रीळ मिक्सरसारखं चाललेलं. टोकलं की म्हणायचा, हात बसलाय यार, सवय आहे.

एका रविवारी मेधा आमच्याबरोबर आली. कांबळं पांघरून ती बराच वेळ नुसती त्याच्या हाताकडे बघत होती. मग म्हणाली, "सतीश, तू मासा पकडतोयस की पळवतोयस?"

त्याने लुअर उगाच परत लांब फेकलं.

वर्षं अशीच गेली. सतीशचं ग्रीन कार्ड झालं, त्याने टाउनहाऊस घेतलं. २००६ च्या मे महिन्यात त्याची आई गेली. तो जाऊन आला. आप्पा घरात एकटे राहिले. पण रविवारचा फोन तोच. "गावलो काय?" "अजून नाय, आप्पा." "बरा, बरा." आम्ही हसणं कधीच सोडलं होतं. मला तर ते ऐकवतही नसे, मी उठून पोह्यांत मीठ बरोबर आहे का ते बघायला जायचो.

*

२००७ च्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी आप्पांनी विचारलंच नाही.

कौलं फुटली आहेत म्हणाले. डोळ्यांना कमी दिसतं, रात्रीची नुसती पेज घेतो म्हणाले. मग "बरा, जेवान घे" म्हणून फोन ठेवला. सतीश हातात सुरी धरून तसाच उभा होता. प्रसाद म्हणाला, आज आप्पा मासा विसरले वाटतं. सतीशने कांदा तसाच टाकला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. त्या दिवशी पोहे झाले नाहीत.

पुढच्या रविवारी काठाला पातळ बर्फ धरला होता. सतीशने होडीत बसल्यावर माझा डबा उघडला, ते नारिंगी पोटाचं लुअर काढलं, थोडा वेळ जॅकेटच्या आत छातीशी धरून ठेवलं आणि मग दोरीला लावलं. प्रसादने माझ्याकडे बघितलं.

सतीशने लुअर फेकलं आणि सावकाश रीळ फिरवायला सुरुवात केली. इतकं सावकाश, की प्रसाद आपणहून एकतालाचे बोल म्हणायला लागला. आणि त्या दिवशी त्याची लय वाढली नाही.

होडीपासून हातभर अंतरावर मस्कीने ते घेतलं. जाळी मी धरली, ती मला एकट्याला उचलेना. प्रसादने फोटो काढला, त्यात फक्त त्याचा स्वतःचा हातमोजा आला, पण ते नंतर कळलं. सतीशने गळ काढला, हातमोजे काढले आणि दमलेला मासा सावरावा म्हणून त्या पाण्यात त्याला शेपटीपाशी धरून बसला. मासा केव्हाच सावध झाला होता. सतीश जरा जास्तच वेळ धरून बसला, मग हात सोडले.

काठाला आल्यावर त्याने मोबाईल लावला. बोटं वळत नव्हती, म्हणून स्पीकर मी चालू केला.

"आप्पा, गावलो."

सतीश भरभर सांगत सुटला, केवढा होता, कसा ओढत होता, फोटो मिळेल, पद्धत आहे म्हणून सोडून दिला.

"मासो रवांदे," आप्पा म्हणाले. "तू कधी येतलंस, ता सांग."