मुठी बंद, हात वर

आमच्या सातवीच्या वर्गात यंत्रबंदी आली ती एका घड्याळामुळे. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती, बेलापूरला नवे सेक्टर उभे राहत होते, आणि कुणाचा ना कुणाचा मामा आखाती देशात असायचाच. तो सुट्टीवर आला की वर्गात काहीतरी चमकायचं. एका मुलाचं आकडे दाखवणारं घड्याळ दर तासाला पीं पीं करायचं. गणिताचे सर फळ्यावर प्रमेय पुरं करत असताना नेमकं ते वाजलं, वर्ग हसला, आणि सरांनी ते त्याच्या मनगटावरून ओढून काढलं. दुसऱ्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात एक चौकट आखलेली होती. घड्याळ, कॅल्क्युलेटर, ट्रान्झिस्टर, खेळ, सेलवर चालणारी कुठलीही वस्तू वर्गात आणायची नाही. सापडली तर जप्त. परत हवी असेल तर पालकांनी वर्गासमोर उभं राहून माफी मागायची.

या माफीची आम्हाला फार गोडी लागली. कारखान्यात दहा माणसांवर हुकूम चालवणारे बाप आमच्यासमोर घाम पुसत 'पुन्हा होणार नाही' म्हणायचे आणि आम्ही त्यांच्या पोरांकडे बघत बसायचो. ज्यांचे बाप आले नाहीत त्यांच्या वस्तू शिक्षकखोलीच्या कपाटात राहिल्या. ते पहिलं घड्याळ तर वर्षभर कपाटातूनच तास सांगत होतं.

सरांना पोरांची दप्तरं उचकण्याचा कंटाळा यायचा, म्हणून ते काम मॉनिटरकडे आलं. मॉनिटर मी होते. रोज प्रार्थनेनंतर मी बाकाबाकावर जाऊन दप्तरं पालथी करायची. मला हे काम मनापासून आवडायचं. कुणाच्या डब्यात काय आहे, कुणाची वही फाटकी आहे, कुणी चिठ्ठी लिहिली आहे, सगळं मला कळायचं, आणि मी ते योग्य वेळी वापरायचे. मुलं मला घाबरायची आणि मी त्याला मान समजायचे.

कुंपणच शेत खात होतं, हेही सांगून टाकते. माझे वडील महाप्याच्या एका कारखान्यात होते. त्यांना कुणीतरी भेट दिलेला उजेडावर चालणारा कॅल्क्युलेटर, पत्त्याएवढा पातळ, माझ्या कंपासपेटीत कागदाच्या घडीखाली असायचा. सेल नाही म्हणजे नियमातही नाही, असं मी स्वतःला सांगितलं होतं. उजेड लागतो म्हणून मी खिडकीजवळची जागा मागून घेतली होती. दप्तरं तपासणारीचं दप्तर कोण तपासणार?

माझ्या बाकावर शेजारी दिवाळे कोळीवाड्यातली एक मुलगी बसायची. तिची आई सकाळी खाडीवरून मासळी घेऊन आमच्या सोसायटीत यायची आणि मुलगी दप्तर घेऊन शाळेत. तिच्याशेजारी बसायला कुणी तयार नव्हतं म्हणून सरांनी तिला माझ्याकडे दिलं होतं. मॉनिटर तक्रार करणार नाही असा त्यांचा हिशेब. मी तक्रार केली नाही, फक्त बाकाच्या मधोमध खडूची रेघ मारली.

माझा कॅल्क्युलेटर वर्गात फक्त तिनं पाहिला होता. एकदा मधल्या सुट्टीत मी तिला तो मोठ्या थाटात दाखवला आणि म्हटलं, सांग कुठलाही गुणाकार. ती म्हणाली, "तूच सांग." मी म्हटलं सदतीस गुणिले अठरा, आणि बटणं दाबू लागले. शेवटचं बटण दाबायच्या आत ती म्हणाली, "सहाशे सहासष्ट." पडद्यावर तोच आकडा आला. मी चिडून आणखी तीन-चार दिले. प्रत्येक वेळी ती पुढे.

मग तिनं मला कसं ते शिकवलं, अगदी मन लावून. एका बोटाला तीन पेरं आणि एक टोक, झाले चार. अंगठ्याचं मुळाशी असलेलं पेरही धरायचं, म्हणजे पाच बोटांचे वीस. एका हातावर एक कोडी. अंगठा पेरांवरून सरकत जातो, अंगठ्याची पेरं मोजायला तर्जनी येते, कोडी भरली की दुसऱ्या हाताचं एक पेर पुढे. तिच्या आईला शाळा माहीत नव्हती, पण बंदरावर मासळी कोडीनंच मोजायची, म्हणून तिनं पोरीला चौथ्या-पाचव्या वर्षीच हे लावलं होतं. "अठरा म्हंजे कोडीला दोन कमी," ती म्हणाली, "सदतीस कोडी धर, आनि सदतीस दोनदा काढ. झालं." तिला वाटलं मला आनंद होईल. मला राग आला. वडिलांच्या कारखान्यातलं यंत्र एका बोंबीलवालीच्या अंगठ्यापुढे हरलं होतं.

स्कॉलरशिपच्या परीक्षेला आमची शाळा प्रत्येक तुकडीतून एकच नाव पाठवायची, कुणी नापास होऊन शाळेचं नाक कापायला नको म्हणून. आमच्या तुकडीतून कोण जाणार ते गणिताच्या चाचणीवर ठरणार होतं. तिच्यासाठी ती नुसती परीक्षा नव्हती. तिची आई आमच्या दारात पापलेट कापताना माझ्या आईला सांगून गेली होती की बाप म्हणतो सातवी झाली बस झाली, पण मास्तरांनी परीक्षेला बसवली आणि पास झाली तर पुढं शिकू दे. आई आत येऊन म्हणाली, "बघ, कोळ्याच्या पोरीसुद्धा पुढे चालल्या." तो टोमणा मला होता.

चाचणीत वीस गणितं होती. मी कंपासपेटीचं झाकण उभं धरून त्याच्या आडोशानं तीन सोडवली, उरलेली हातानं. शेजारी तिचा डावा हात बाकाखाली होता आणि उजव्या हातानं ती नुसती उत्तरं लिहीत होती. माझ्या आधी वीस मिनिटं तिनं पेपर दिला.

दुसऱ्या दिवशी सर पेपर घेऊन आले. तिची वीसच्या वीस बरोबर होती. माझी अठरा.  पण सरांचा चेहरा आनंदी नव्हता. त्यांनी तिला उभं केलं.

"कच्चं काम कुठाय?"

तिनं आपल्या हातांकडे पाहिलं.

"नुसती उत्तरं? इथं मी सतरा वर्षं गणित शिकवतोय, मला कागद लागतो. तुला लागत नाही?"

"सर, मी बोटांवर मोजते."

वर्ग खदखदून हसला. सातवीतली घोडी आणि बोटांवर मोजते! सरही हसले. "दहा बोटांवर तीन आकडी गुणाकार? मग पहिलीत जाऊन बस." हसणं थांबल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॉनिटर, तू शेजारी असतेस. ही बोटांवर मोजते?"

एवढाच प्रश्न होता. 'हो सर' म्हणायला किती वेळ लागतो? मला सगळं ठाऊक होतं, तिनं माझाच हात हातात घेऊन, माझ्याच पेरांवर शिकवलं होतं. आणि मी हेही पाहत होते की ती निर्धास्त उभी आहे. माझ्यावर तिचा भरवसा होता. त्या भरवशाचाही मला संताप आला.

"माहीत नाही सर," मी म्हणाले. "हात बाकाखाली होता."

दुसरं वाक्य खरं होतं. पुढे कित्येक वर्षं मी त्या दुसऱ्या वाक्यावर भागवलं.

"म्हणजे यंत्र," सर म्हणाले. त्यांना कोडं सुटल्याचा आनंद झाला. तिचं दप्तर मीच पालथं केलं. दोन वह्या, एक पुस्तक, भाकरीचा डबा. यंत्र नव्हतं. सरांनी दोन मुलांना खिडकीखाली बघायला पाठवलं. तिथंही नव्हतं. शहाण्या माणसानं इथं थांबावं, पण सरांना वाटलं, सापडत नाही म्हणजे पोरगी भलतीच पोचलेली आहे.

मग त्यांनी परीक्षा घेतली. न्यायाची त्यांना हौस होती. तिला फळ्यासमोर उभं केलं आणि म्हणाले, "मुठी बंद, हात वर." ही त्यांची नेहमीची शिक्षा होती. मुठी अशासाठी की उघडे पंजे पोरं हळूच एकमेकांत अडकवून आधार घेतात. दोन्ही हात डोक्यावर, मुठी आवळलेल्या, आणि सरांनी विचारलं, "अडतीस गुणिले सतरा. सांग."

मी तिच्या मुठींकडे बघत होते. आत अंगठा हलायचा प्रयत्न करत होता. सरांनी पट्टी मारली, "मूठ घट्ट!" अंगठा थांबला. ती डोळे मिटून पुटपुटत राहिली. सहाशे, सहाशे चाळीस, नाही, सहाशे... हात खाली घसरले की पट्टी. सरांनी आणखी दोन गणितं विचारली, सोपी, मग आणखी सोपी. शेवटी तिला चौदा गुणिले सहासुद्धा आलं नाही. वर्ग आता हसत नव्हता, मजा बघत होता. तिनं आयुष्यात कधी हातांशिवाय मोजलंच नव्हतं, आणि हे त्या खोलीत दोघींनाच माहीत होतं.

"पटलं?" सरांनी वर्गाला विचारलं. "पटलं सर," आम्ही म्हणालो. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

तेव्हा ती बोलली. हात वरच होते. "सर, मशीन हिच्याकडं हाय. कंपासात."

 मी मॉनिटर उगाच नव्हते. मी कंपासपेटी उचलली आणि दोन्ही हातांनी सरांपुढे धरली. "बघा सर," मी म्हणाले. आवाजही कापू दिला नाही. सरांनी पेटीकडे बघितलंसुद्धा नाही. "ठेव, ठेव," म्हणाले, आणि वळून तिच्या कानाखाली वाजवली. "चोराच्या उलट्या बोंबा! उद्या आईला घेऊन ये. आली नाही तर दाखला घरी पाठवीन."

परीक्षेला माझं नाव गेलं आणि स्कॉलरशिपही मिळाली. ती त्या आठवड्यानंतर शाळेत आली नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे काही बरं घडेल अशी आशा कुणी ठेवायला नको.

तिची आई दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तासाला आली. मासळी विकून थेट आली असावी. टोपली व्हरांड्यात ठेवली आणि पदराला हात पुसत दारात उभी राहिली. पहिल्या तीन बाकांनी नाकाला रुमाल लावले. सरांनी खिडक्या उघडायला सांगितल्या, त्यासुद्धा मीच उघडल्या.

"तुमच्या मुलीनं वर्गात मशीन आणलं," सर म्हणाले, "आणि वर दुसऱ्यावर आळ घेतला. नियम सगळ्यांना सारखा. माफी मागा."

यात गणिताचा एक शब्द नव्हता. चाचणी, वीस बरोबर उत्तरं, परीक्षेचं नाव, सरांनी काहीच सांगितलं नाही. मासळीवालीला त्यातलं काय कळणार? त्या बाईनं तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पोरगी कशी मोजते हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिनंच तर शिकवलं होतं. पण तिला कुणी ते विचारलंच नाही, आणि ती बिचारी एवढंच समजली की कुणाची तरी महागाची वस्तू गेली आहे आणि ती आपल्या पोरीनं उचलली आहे.

"मास्तर, मी रातसून सगलं घर उपसलं," ती म्हणाली. "भांडी उलटी केली, जाली झटकली. नाय गावली. ए पोरी, कोनाची हाय ती मशीन? दे ना गो परत."

"आये, मी नाय घेतली. मी आपली कोडीनी..."

तिला वाक्य पुरं करता आलं नाही. आईनं तिला मारलं. सरांनी मारलं होतं ते शिस्तीचं होतं. हे वेगळं होतं. पाठीवर, डोक्यावर, जिथं लागेल तिथं, आणि मारताना स्वतः रडत होती. शाळेच्या पायरीशी कधी न आलेली बाई, पहिल्यांदा आली ती चोराची आई म्हणून. सर "बास, बास" म्हणाले, पण जरा उशिरानं. पोरगी एकदा माझ्याकडे बघून खाली बसली. मी वहीत समास आखत होते.

मग आईनं पदर सारखा केला, सरांपुढे हात जोडले आणि शिकवल्यासारखं म्हणाली, "परत नाय व्हनार." सर म्हणाले, "माझी नको. जिच्यावर आळ घेतला तिची मागा."

ती माझ्या बाकाशी आली. रोज आमच्या दारात बसणारी, मला मूठभर करंदी फुकट टाकणारी. तिनं मला ओळखलं आणि तिला आणखीच लाज वाटली. बारा वर्षांच्या मुलीपुढे त्या बाईनं वाकून दोन्ही हात जोडले. कंपासपेटी आमच्या दोघींच्या मधे बाकावर होती.

"बाय, माफ कर गो. आमचे पोरीनी तुजं नाव उगाच घेतलं."

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता.

"असू दे, मावशी," मी म्हणाले.