नाकापर्यंत उतरलेला फोटो

चालू असलेली वस्तू ज्याला बघवत नाही असा माणूस जगात एकच असेल, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. अकोल्याच्या त्यांच्या घरात कूलर गार हवा देऊ लागला की भाऊजी त्याची मोटर खोलत. मिक्सर बरा चालतो असं ताईच्या तोंडून चुकून निघालं, तर संध्याकाळची चटणी पाट्यावर वाटावी लागे. निवृत्तीनंतर त्यांनी संगणक घेतला आणि त्यावर लिनक्स घातलं, कारण त्यात म्हणे हवं तेवढं उघडून बघता येतं. दुसरे लोक संगणकावर पत्ते खेळत. भाऊजी त्यात नवी आवृत्ती घालत, आणि ती धड चालली की उदास होत. "मस्त चालून राहिलं. आता मी काय करू?"

तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेतून येई. मोडेम नंबर फिरवी, चिरकत चिरकत जोडणी होई, आणि तोवर घरचा फोन बंद. अमरावतीहून मी लावलेला फोन एंगेज लागला, की त्यांच्याकडे सगळं ठीक आहे असं मी धरून चाले.

एका उन्हाळ्यात ताईला दवाखान्यातून घरी न्यायला डॉक्टरांनी सांगितलं. त्याचा अर्थ आम्हाला कळला होता. मी औषधांच्या वेळा भिंतीला चिकटवल्या आणि तिथेच राहिले. त्याच दिवसांत त्यांची लेक परदेशात बाळंत झाली. बाळाचा फोटो मेलने पाठवलाय, असं जावयाने कळवलं. ताईला एवढंच हवं होतं, नात बघायची. आणि नेमकी त्या सकाळी भाऊजींनी नवी आवृत्ती घातली.

"काहून आजच, भाऊजी?"

"नातीले जुन्या सिस्टीमवर पाहू काय? रंग चांगले दिसतीन म्हटलं."

रंग राहिले बाजूला. जोडणी झाल्याचं दिसे, पण मेल उघडेना. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेतून छापून आणते, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "घरच्या पोरीले घरीच उतरू दे ना, बाई."

दुपारी दोष सापडला. नव्या आवृत्तीने इंटरनेटचा रस्ता मोडेमऐवजी संगणकातल्या भलत्याच, कशालाच न जोडलेल्या कार्डाकडे वळवला होता. त्यांनी एक ओळ पुसली आणि मेल उघडली. पडदा ताईच्या खाटेकडे फिरवला. फोटो वरून खाली, पट्टीपट्टीने उतरू लागला. आधी पांढरं टोपरं, मग कपाळ, मग मिटलेले डोळे.

"तुह्यावरच गेली," भाऊजी म्हणाले.

ताई बघत राहिली. मग म्हणाली, "अजी, काढा ते."

"अवं, नाक तर येऊ दे!"

"पोरगी सकाळपासून फोन लावून राहिली असन. मले तिचा आवाज आयकू द्या."

दुरुस्ती टाकून कधी जेवायलाही न उठणाऱ्या त्या माणसाने मोडेमची तार उपटली आणि फोनला लावली. थोड्या वेळाने फोन वाजला. ताई लेकीशी दोन शब्द बोलली. पलीकडे बाळ रडत होतं, ते ऐकत पडून राहिली. तिच्या हातात बळ नव्हतं, म्हणून भाऊजी रिसीव्हर तिच्या कानाशी धरून वाकून उभे होते.

त्याच आठवड्यात ताई गेली.

नात आता कॉलेजात जाते. तिचे ढीगभर फोटो भाऊजींच्या मोबाइलमध्ये आहेत. त्या दिवशी पडद्यावर आलेला भाग मात्र त्यांनी तसाच साठवून ठेवलाय. गेल्या वर्षी ती अकोल्याला आली, तेव्हा तिने तो पाहिला आणि हसली. "आबा, आईकडे पूर्ण फोटो आहे. पाठवायला सांगू?"

भाऊजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"राहू दे, बेटा. तुह्या आजीनं पाह्यला, तेवढाच बस हाय."