फालानिकोचे ठेवणीतले टायर

सामोआतल्या सालेलोलोगाच्या धक्क्यावर फालानिकोची पिवळी टॅक्सी माहीत नाही असा माणूस नाही. आणि त्याच्या त्या चार टायरांची गोष्ट ऐकली नाही असाही कुणी नाही!

पोरगी सिएनी शाळेत होती तेव्हाच त्याने चार कोरे टायर घेतले आणि लग्नात द्यायच्या चटयांशेजारी कापडात गुंडाळून ठेवून दिले. तिच्या लग्नात चढवायचे, बस्स. सामोआत चटई जितकी जुनी तितका तिचा मान. आजीच्या आजीने विणलेली असेल तर बघायलाच नको. मग टायरचं वेगळं कशाला असेल?

अकरा वर्षांनी, लग्नाच्या आदल्या दिवशी टायर चढले. काळेभोर, नक्षी अशी खोल! फालानिको नुसता हात फिरवत बसला होता. सिएनी आता राजधानीत, आपियाला, टायरच्या दुकानात कामाला. ती वाकली, टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले, त्यावरून साल कळलं. मग नख लावून बारीक भेगा दाखवल्या.

"बाबा, मी यात नाही बसणार."

"अगं, एक मैलसुद्धा पळाले नाहीयेत!"

"पळाले नाहीत, पण म्हातारे झालेत. रबर आहे ते. चटई नाही."

झालं! फालानिकोला असं लागलं म्हणून सांगू! "बापाच्या गाडीतून जायची लाज वाटते, असं सरळ बोल ना!"

स्वयंपाकघरातून बायको लेउता ओरडली, "अहो, आधी स्वतः एकटे चर्चपर्यंत जाऊन या. मग पोरीला बसवा!"

गेला की! हॉर्न वाजवत, ऐटीत. येताना जोर दाखवायला गाडी पळवली आणि धाडकन! एका टायरवरचा पट्टा केळ्याच्या सालीसारखा सोलून निघाला, टॅक्सी थेट पाद्रीबाबांच्या अळूच्या शेतात. याला खरचटलंही नाही. त्यांचं डुक्कर तेवढं येऊन बघत उभं राहिलं.

तो पट्टा खांद्यावर टाकून चालत घरी आला. कुणी हसलं नाही.

"सिएनी," तो म्हणाला, "तू बसली असतीस गं..."

"नाही ना बसले." तिने येऊन त्याला मिठीच मारली. तेव्हा कुठे लेउता जी हसत सुटली, थांबेचना!

दुसऱ्या दिवशी नवरी टॅक्सीतूनच गेली. टायर रोजचेच, चिखलाचे, पण दोनच वर्षांचे. सर्वात जुनी चटई मात्र मानाने नवऱ्याकडे गेली.

उरलेले तीन टायर लेउताने पांढरे रंगवले, अंगणात ठेवून त्यात जास्वंद लावली. कुणी विचारलं तर फालानिको अजून ऐटीत सांगतो, "हात नको लावू. ठेवणीतले आहेत."