माप बरोबर होतं

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कराडच्या बंदुकीच्या दुकानात मी त्या बाईंना एकदाच पाहिलं, पण तो दुकानदार आठवला की आजही माझं डोकं तापतं.

शेतात डुकरं शिरायची, म्हणून मी काडतुसं घ्यायला गेलो होतो. तेवढ्यात उंब्रजकडच्या त्या बाई आल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी फुटलेलं पितळी काडतूस समोर ठेवलं. त्यांचे यजमान फौजेतून निवृत्त झालेले. नेमबाजीच्या सरावासाठी पिस्तुलाची हलकी काडतुसं बंदुकीची दारू मोजून घरीच भरायचे. या खेपेला पिस्तूल हातात फुटलं आणि बोटं गेली.

"माप चुकलं असणार त्यांचं," दुकानदार पेपरातून मान वर न करता म्हणाला.

"माप न्हाई चुकलं. काट्यावर मी सोता बघितलंय. दारूच दुसरी हुती, लई जहाल. न्हेमीची संपली, तवा तुमी 'तीच हाय' म्हणून पुडीत दुसरीच बांधून दिली."

"दारू सगळी सारखीच असते हो, बाई."

"सारखीच हाय न्हवं? मग त्याच दारूचं, तेवढ्याच मापाचं काडतूस भरा, आन् तुमच्या हातानं उडवा."

दुकानदाराने पेपर खाली ठेवला, पण हात काही पुढे केला नाही. माफीचा एक शब्द नाही! मी काडतुसं न घेताच बाहेर पडलो आणि समोरच्या कडेला थांबलो.

बाई दुकानाच्या पायरीवर बसल्या. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते फाटकं पितळ दाखवून म्हणू लागल्या, "पुडीत काय बांधलंय, ते आदी इचारा."

भर दुपारी त्याला दुकान बंद करावं लागलं. बाई मात्र उठल्या नाहीत.