मुकादमाचं पाणी

आमच्या वरच्या मजल्यावर नळ दुरुस्त करणारे वॉशरमामा राहतात. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ती पाटी वाचायची वेळ आजवर कुणावर आली नाही. कुणाच्या घरी नळ गळत असेल तर मामांना ते जिन्यातच कळतं. बोलता बोलता मध्येच थांबतात, मान तिरकी करतात, "न्हाणीघरातला. डावीकडचा," म्हणतात आणि चपला काढून थेट आत. तुम्ही आपले दारात तोंड वासून उभे. वॉशर बदलून, खालची फरशी पुसून बाहेर आले की मगच अर्धवट राहिलेलं वाक्य पूर्ण करणार.

मी त्यांना मामा म्हणते, ते मला वहिनी म्हणतात. या नात्याचं गणित कुणी सोडवायला जाऊ नये.

पाणी सांडलेलं दिसलं की मामा आधी फडकं शोधतात. त्यांच्या घरातली फरशी इतकी कोरडी, की काडी घासली तर पेटेल. अशा माणसाच्या पदरात मामी पडल्या, आणि मामींबरोबर पडलं एक कासव. मामींनी माहेरून दोनच गोष्टी आणल्या होत्या, शिवणयंत्र आणि कासव. त्यातलं शिवणयंत्र वर्षभरात बंद पडलं. कासव पस्तीस वर्षं व्यवस्थित चालू आहे. मामा हत्यारांची पिशवी उघडून बसले की ते समोर येऊन ठाण मांडतं आणि काम होईपर्यंत हलत नाही, म्हणून त्याचं नाव मुकादम. जेवणाच्या ताटाएवढं, जमिनीवरचं कासव. पोहण्याशी त्याचा काही संबंध नाही.

तरी रोज सकाळी मामी त्याला पसरट टबात कोमट पाण्यात बसवायच्या. वीस मिनिटं. आणि वीस मिनिटं वरून मामांचा आवाज.

"जमिनीवरच्या जनावराला रोज आंघोळ! आता पावडरही लाव!"

"लावीन. तुमच्या गालाची थोडीच घेतेय?"

आमच्या घरात सकाळच्या गजराचं घड्याळ कधी लागलंच नाही.

मागच्या वर्षी त्यांच्या लेकीचं बाळंतपण आलं आणि मामी तीन महिन्यांसाठी तिच्या गावी निघाल्या. जिन्यात मला मिठी मारली, मामांना तंबी दिली. "सकाळचा टब विसरू नका."

"नाही विसरत," मामा म्हणाले. आणि खरंच नाही विसरले. त्याच दिवशी टब घासला, पुसला आणि माळ्यावर टाकला.

मग त्यांनी यंत्र बनवलं. उलटी बाटली, तिला बारीक नळी, नळीला करंगळीएवढी पितळी तोटी, खाली बाटलीच्या झाकणाएवढी वाटी. दर तीन मिनिटांनी बरोबर एक थेंब. मला खास बघायला बोलावलं. "बघा वहिनी. सांडणं नाही, पुसणं नाही. रानातल्या कासवाला कोण टब देतं? ते पाल्यातूनच पाणी घेतं."

आणि मी बाई टाळ्या वाजवल्या! ते पाप माझ्याच खात्यावर.

तीनेक आठवड्यांनी मामा खाली आले. हातात काकडीची चकती. "वहिनी, मुकादम रुसलाय. काकडीला तोंड लावत नाही."

"मामींची आठवण येत असेल. त्यांचा आवाज काढून बघा."

मी गंमत केली होती. पण दुसऱ्या दिवशी छतातून बारीक, लाडिक आवाज यायला लागला, "मुकादमा, ये रे माझ्या राजा!" मी तोंडात पदर कोंबून हसले. नवऱ्याला बोलावून ऐकवलं.

चार दिवसांनी मामा पुन्हा दारात उभे राहिले तेव्हा मात्र हसू आलं नाही. टॉवेलमध्ये मुकादम गुंडाळलेला. डोळे खोल गेलेले, मानेची कातडी ढिल्या मोज्यासारखी लोंबतेय, पाय ओढले तरी आत घेत नाही. कुणाच्याही घरात चपला काढून शिरणारे मामा त्या दिवशी चपलांसकट आत आले.

"काल तिचा फोन आला. मी सांगितलं, मुकादम मजेत आहे." मामांनी टॉवेलचं टोक मुकादमावर नीट ओढलं. "वहिनी, सोबत चला. हे गेलं ना, तर ती मला काही बोलणार नाही. ती काही बोलणारच नाही, तेच नको आहे मला."

मी गॅस बंद केला आणि निघाले.

जनावरांची डॉक्टर माझ्या पुतणीच्या वयाची. तिने मुकादमाला वजनकाट्यावर ठेवलं, डोळे पाहिले, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती जागेवर जायला किती वेळ लागला, ते आम्हीही पाहिलं.

"पाणी कसं देता याला?"

मामांनी पिशवीतून यंत्र काढलं. काढताना जरा ताठही झाले, खोटं कशाला बोलू. "दर तीन मिनिटांनी एक थेंब."

डॉक्टरने यंत्र उलटंसुलटं करून बघितलं. "काका, काम सुंदर आहे हो. पण तुम्हाला कुणी दर तीन मिनिटांनी एक थेंब चहा दिला तर?"

मामा त्या झाकणाएवढ्या वाटीकडे बघायला लागले.

"याला थेंब चाटता येत नाही. हा वाकतो, तोंड पाण्यात बुडवतो आणि घशाने ओढतो. झाकणाएवढ्या वाटीत याचं नाकसुद्धा मावत नाही. आणि पाण्यात बसला की बरेचदा तिथेच पितो, पोटही तिथेच साफ करतो. रोज टबात बसवत नाही का कुणी?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा मांजरांचा तक्ता वाचायला लागले.

तिने कातडीखाली सुईने थोडं पाणी दिलं आणि सांगितलं, "कोमट पाणी, हनुवटीपर्यंतच, त्याहून खोल नको, बुडेल. रोज वीस मिनिटं. शिवाय दिवसभर एक पसरट ताटली, त्याला स्वतःहून चढता येईल अशी. पाणी घाण झालं की बदला."

"किती पाणी पुरतं म्हणायचं?" मामांनी विचारलं. नळाच्या माणसाला आकडा लागतो.

"ते तुम्ही नाही ठरवायचं, काका."

टब माळ्यावरून खाली आला. मामांनी कोपर बुडवून पाणी पाहिलं, बाळाच्या आंघोळीला पाहतात तसं. पहिल्या दिवशी मुकादम दगडासारखा बसून राहिला. दुसऱ्या दिवशीही. मामा शेजारी फरशीवर मांडी घालून, पाणी गार झालं की थोडं काढायचे, थोडं घालायचे. मी जाऊन-येऊन बघत होते.

तिसऱ्या सकाळी मुकादमाने मान लांब केली, तोंड पाण्यात घातलं आणि त्याचा घसा हलायला लागला. एक. दोन. मामा ओठांतल्या ओठांत मोजत होते. चाळिसाच्या पुढे त्यांनी मोजणं सोडलं आणि डोळे पुसले. थोड्या वेळाने टबात खडूच्या चुऱ्यासारखं पांढरं काहीतरी आलं, पाणी गढूळ झालं. थेंबासाठी जीव टाकणारा हा माणूस त्या एका सकाळी तीनदा टब ओतून आला, आणि तिन्ही वेळा हसत.

आता मुकादमाची मातीची पसरट ताटली दिवसभर भरलेली असते. तो तिच्यात चढतो, लवंडवतो, मामा पुन्हा भरतात. परवा माझ्या छतावर ओलीचा डाग दिसला. नवरा म्हणाला, "वर जाऊन सांग." मी नाही गेले. माझ्या सासूबाई वर्षभर अंथरुणावर होत्या तेव्हा याच मामांनी त्यांच्या खाटेपर्यंत गरम पाण्याची नळी आणून दिली होती. त्या वर्षात मला एक बादली उचलावी लागली नाही. दर रविवारी येऊन तोटी तपासायचे, सासूबाईंना विचारायचे, "आजी, पाणी नीट येतंय ना?" अशा माणसाच्या घरचा डाग मी छतावर मिरवीन.

मुकादम प्यायला त्याच सकाळी मामांनी माझ्यासमोर मामींना फोन लावला. टब माळ्यावर टाकल्यापासून सुईपर्यंत सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. मी उठून जाऊ लागले तर हाताने खूण करून बसवलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मामांचा चेहरा पाहवत नव्हता.

मग मामींचा आवाज आला. "आता खातोय का?"

"काकडी संपवली. सालासकट."

"पाणी कोमट होतं ना?"

"कोपर घालून पाहिलं."

पलीकडे बाळाच्या रडण्याचा आवाज आला. "मग मी ठरल्यापेक्षा पंधरा दिवस जास्त राहीन म्हणते. इथे बाळ रात्रीचं जागं असतं, लेक दमलीय. तुम्हाला जमेल ना तिकडचं?"

"जमेल. रहा तू," मामा म्हणाले. फोन ठेवला आणि माझ्याकडे असे वळले, जसं काही बक्षीस लागलंय.

"ऐकलंत वहिनी? आणखी पंधरा दिवस माझ्या भरवशावर!" असं म्हणून ते मुकादमाला कोरडं करायला आत गेले.