उजवीकडच्या झाडावरचा तांबट

आमच्या घरात माणसं दोन आणि चालणारे कानही दोनच, ते दोन्ही माझे. यजमानांचे कान पोलादाच्या प्लांटमधल्या रोलिंग मिलनं केव्हाच खाल्ले. कानात घालायचे बोळे तिथं मिळायचे, पण ते घातले की क्रेनवाल्याची हाक ऐकू येत नाही म्हणून हे ते खिशात ठेवत आणि कपडे धुताना मी ते बाहेर काढी. रिटायर झाल्यावर कानाचं यंत्र घेतलं. सायकलवर त्यात वारा घोंघावतो म्हणून ते सकाळी काढून ठेवायला लागले, आणि मग ते दिवसभर कपाटातच राहिलं. घरात बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडून माणूस फक्त कामाचं बोलतो. बाकीचं बोलणं आमच्यातून कधी गेलं ते कळलंही नाही.

राहिली ती सकाळची सायकल. स्मृति नगरातून निघायचं, पुलाचा चढ चढायचा आणि टाउनशिपच्या सेक्टरांत फिरून परतायचं. रस्त्याच्या बाजूनं मी, कडेनं हे. मागून ट्रकचा आवाज आला की मी हात वर करायचा, यांनी आणखी कडेला व्हायचं. पक्ष्यांचा नाद मूळचा माझा. दयाळ बोलला, सातभाई भांडले की मी ओरडून सांगायची आणि बोट दाखवायची. हे बघायचे, पण चेहरा पडलेला.

"चोच उघडते अन् मिटते," एकदा म्हणाले. "बाकी काही नाही."

पुढे मी पक्षी दाखवणं कमी केलं. दाखवून त्यांच्या जखमेवर मीठ कशाला चोळायचं?

दिवाळी होऊन थंडी पडली होती. पुलाच्या चढावर यांनी एकाएकी ब्रेक दाबला. चेहरा असा उजळला होता, की तसा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"अवं, तांबट! मले ऐकू येऊन राहिला!"

मी कान दिला. लांबवर मालगाडी चालली होती, एक कावळा ओरडत होता. तांबट नव्हता. तो बोलतो ऊन तापायला लागल्यावर, टुक टुक टुक, तासन् तास. हिवाळ्यात तो बहुधा गप्पच. मी मान हलवली.

"नाही जी, कुठी आहे?"

"ते काय, उजवीकडच्या झाडावर. तुले नाही येत ऐकू?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोजच. पुलावर तो घाईनं बोलायचा, आम्ही पुढच्या पुलियावर, म्हणजे मोरीच्या कठड्यावर, टेकलो की सावकाश. "थकला वाटते लेकाचा," हे हसून म्हणायचे. सेक्टरांतल्या रस्त्यांवरही तो आमच्या सोबत झाडाझाडांवर असायचा, आणि मला एकही ऐकू यायचा नाही. हे तर खुशीत होते. शेजाऱ्यांनाही सांगून झालं, "आता हिचेबी कान गेले. मी एकटाच कावून बहिरा राहू?"

सगळे हसले. मीही हसले, पण माझे कान गेले तर ट्रकचं कोण सांगणार? दारावरची बेल, फोन, गॅसवर उतू जाणारं दूध, सगळं माझ्या कानांवर चाललेलं. मी घरात स्वतःची परीक्षा घेऊ लागले. दार लावून घड्याळाची टिकटिक ऐकायची, नळ नीट बंद झाला का ते पलीकडच्या खोलीतून ओळखायचं. सगळं ऐकू यायचं, तरी खात्री वाटेना. सायकलवर मी सारखी मागे वळून पाहू लागले. एकदा अशीच वळले आणि माझं हँडल यांच्या हँडलला लागलं. दोघंही पडलो. मागचा डंपर आमच्या पायांपासून हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हरनं ज्या शिव्या दिल्या, त्यातली एकही मला कमी ऐकू आली नाही.

घरी येऊन मी म्हटलं, आता डॉक्टर.

कानाच्या डॉक्टरांनी मला काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. हे काचेबाहेर बसून, नवीन सुनेला बघावं तसे माझ्याकडे बघत होते. तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "माताजी, आपके कान तो बिल्कुल ठीक हैं."

मला हायसं वाटायला हवं होतं. मला रागच आला. "मग तांबट का नाही ऐकू येत?" म्हणून मी पुलापासून पुलियापर्यंतचं सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. ते हळू आवाजात एकेक विचारत गेले आणि मी ते यांच्या कानाशी ओरडत गेले. कोणत्या बाजूनं? उजव्या, नेहमी उजव्याच. चढावर वाढतो? हो. आत्ताही येतो?

"येते ना," हे म्हणाले. "आता हळू आहे." आणि गुडघ्यावर बोटानं ठेका धरून दाखवू लागले.

डॉक्टरांनी त्यांच्या मानेच्या उजव्या बाजूला स्टेथोस्कोप लावला. जरा सरकवून पुन्हा लावला. मग माझ्याकडे वळून खालच्या आवाजात म्हणाले, की मेंदूकडे जाणारी नस आत अरुंद झाली आहे, रक्त तिथून घासत जातं त्याचा हा आवाज, आतला म्हणून यांच्या बहिऱ्या कानालाही येतो. नसेत साचलेल्या थरातला एखादा कण सुटून कधीही मेंदूत अडकू शकतो. सायकल बंद. आजच रायपूरला न्या.

माझा विश्वास बसेना. मी म्हटलं, मला ऐकू द्या. त्यांनी नळ्या माझ्या कानांत दिल्या. फुस्... फुस्... फुस्... गुडघ्यावर यांचं बोट अजून चाललं होतं. प्रत्येक फुस्ला एक ठेका, एकही चुकत नव्हता.

यांनी माझं तोंड पाहिलं आणि खुर्चीतच सरसावून बसले.

"आला ना ऐकू? आला ना? मी म्हणत होतो का नाही!" मग डॉक्टरांकडे वळून, "हिले काही औषध लिहून द्या साहेब. इतक्या दिवसांनं आलं बिचारीले ऐकू."

डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिले. बाहेर बाकड्यांवर माणसं बसली होती, दार अर्धवट उघडं होतं. असली गोष्ट माणूस जवळ बसून, हात हातात घेऊन, हळू सांगतो. मला ती ओरडून सांगावी लागणार होती.