शेवंताचा बाप कसा आहे?

विमलाबाई सांगवडेकर कोल्हापुरात एका पेठेतल्या प्राथमिक शाळेत चौथीला शिकवत. १९७३च्या उन्हाळ्यात शिक्षकांच्या शिबिराला जाऊन आल्यापासून त्यांनी शिकवण्याची रीत बदलली होती. गोष्ट सांगून झाली की त्या विचारत, यातला माणूस कसा आहे, आणि कशावरून? नुसतं चांगला-वाईट म्हणून भागायचं नाही, त्याच्या वागण्यातला पुरावा द्यावा लागे.

मुलांना हे फारच आवडलं. दुष्काळात विहिरीला कुलूप घालणाऱ्या पाटलाची गोष्ट झाली तेव्हा सगळा वर्ग 'निर्दय' म्हणून ओरडला, आणि पुरावा मागताच सगळ्यांनी कुलपाचं नाव घेतलं. बाई त्या दिवशी घरी जाताना खुशीत होत्या.

दिवाळीनंतर एका सकाळी पिराजी गवळी शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. धोतराला दुधाचे डाग, हातात रिकामी किटली. त्याची शेवंता बाईंच्याच वर्गात होती. तो आत यायला तयार होईना, म्हणून बाईच बाहेर गेल्या.

"बाई, पोरगी म्हणती, मी निर्दय हाय," तो म्हणाला. "कशावरनं म्हटलं, तर म्हणती चंद्रीला इकली म्हणून. असा पुरावा द्यायला तुमीच शिकवलंय न्हवं?"

चंद्री त्यांची म्हैस. शेवंतानं तिला रेडकू असल्यापासून सांभाळलं होतं. म्हैस भाकड झाली, पिराजीनं ती वडगावच्या बाजारात नेऊन विकली. तेव्हापासून पोरगी त्याच्याशी बोलत नव्हती. विकली हे खरंच, तो म्हणाला, पण पुढच्या बाजाराला तो पुन्हा वडगावला गेला होता, कुठं दिसते का बघायला. दिसली नाही. दिसली असती तर काय केलं असतं, हे त्याचं त्यालाही सांगता येत नव्हतं.

"मग तुमी सांगा की, मी कसा हाय. घरी जाऊन तिला तसं सांगतो."

तो भांडायला आला नव्हता, हे बाईंच्या ध्यानात आलं. उत्तर इथं मिळतं असं समजून तो आला होता. बाई तोंडाशी आलेला प्रत्येक शब्द परत गिळत राहिल्या. प्रेमळ म्हणावं तर म्हैस विकलेली, निर्दय म्हणावं तर माणूस बाजारभर तिला शोधत फिरलेला. शेवटी आपल्याला सांगता येत नाही, असं त्यांनी कबूल केलं. पिराजी किटली घेऊन गेला.

संध्याकाळी भाजी निवडताना त्यांचं लक्ष नवऱ्याकडे गेलं. वसंतराव पाटबंधारे खात्यात कारकून, लग्नाला अठरा वर्षं झालेली. हा माणूस कसा? सहा वर्षांपूर्वी भूकंप झाला त्या पहाटे ते बायकोला हाकही न मारता एकटेच रस्त्यावर पळाले होते. आणि तेच घटकाभरानं परत जिना चढून शेजारच्या घरातल्या, अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला पाठीवर घेऊन उतरले होते. बाईंनी दोन्ही गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. एवढी वर्षं पहिल्या गोष्टीसाठी त्या मनातून रागावल्या होत्या आणि दुसरीचा अभिमानही बाळगत होत्या. दोन्ही एकाच माणसाच्या नावावर कशा लिहायच्या, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"अहो, तुम्ही कसे आहात?" त्यांनी विचारलं.

वसंतरावांनी वर्तमानपत्र खाली केलं. "बरा आहे. का? खोकला ऐकू आला का?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात पुन्हा पाटलाचीच गोष्ट काढली. पण या वेळी त्या विचारत गेल्या, कुलूप घातलं तेव्हा तो कसा होता? घरात, बायकोशी कसा असेल? मुलं आधी गोंधळली, मग खूश झाली. बाई मात्र गोंधळलेल्याच राहिल्या. या रीतीनं कुठलंच उत्तर चुकत नव्हतं, आणि बरोबरही येत नव्हतं.

फेब्रुवारीत तपासणीला साहेब आले. त्यांनी सोपा प्रश्न टाकला, "कोल्हा कसा असतो?"

शेवंता उठली. "कुठल्या गोष्टीतला, साहेब?"

साहेब हसले, म्हणाले, कुठल्याही. तेव्हा मागून आणखी एकानं विचारलं, "आन् कुणासंगं?"

शेऱ्यात लिहिलं गेलं, विद्यार्थ्यांना निश्चित उत्तर देता येत नाही. मुख्याध्यापक गणपतरावांनी बाईंना खोलीत बोलावलं. ते रागीट नव्हते. तुम्हाला नक्की काय शिकवायचंय, एवढंच त्यांनी विचारलं, आणि परीक्षेत उत्तराला एकाच शब्दाची जागा असते याची आठवण दिली. बाई म्हणाल्या, मलाच नीट कळलेलं नाही. पुढं त्या परीक्षेपुरतं एका शब्दाचं उत्तर घोकून घेऊ लागल्या, आणि एरवी त्यांचे तेच प्रश्न चालू राहिले. निवृत्त होईपर्यंत दोन्ही चालू होतं. आपण मुलांचं भलं केलं की त्यांना उगाच कोड्यात टाकलं, याचा निकाल त्यांनी स्वतःपाशीही कधी लावला नाही.

तपासणीनंतरच्या उन्हाळ्यात एकदा पिराजी सायकलवरून जाताना दिसला. पुढच्या दांडीवर शेवंता बसली होती आणि बापाशी काहीतरी वाद घालत होती. बाईंनी त्यांना थांबवून तिला हळूच विचारलं, आता तुझे वडील कसे?

शेवंतानं बापाकडे वळून पाहिलं, बराच वेळ. "आजून ठरलं न्हाय, बाई," ती म्हणाली.

पिराजीनं पायंडल मारलं.